शिळं पाणी

नळ आठव्या दिवशी येतो.
कधी नवव्या, कधी अकराव्या;
पण कुणी विचारलं तर आम्ही आठव्याच सांगतो,
अमळनेरची तेवढीच लाज राखली.

रात्री अडीचला पाइपात आधी हवा खोकते.
मग अख्खी गल्ली उठते.
बादल्यांच्या कड्या, ड्रमांची झाकणं, मोटारींची घरघर,
आणि या सगळ्याच्या आधी एक आवाज,
लग्न होऊन आले तेव्हा
जो मला ऐकूच आला नव्हता:
ओतण्याचा.
मोरीतून, ओट्यावरून, घराघरातून
मागच्या नळाचं पाणी गटारीत जातं.
शिळं झालं म्हणून.

सात दिवस जे तांब्यातांब्यानं मोजलं,
दात घासताना तोटी उघडी ठेवली
म्हणून पोराच्या पाठीत धपाटा घातला,
पाहुण्याला अर्धा पेला देऊन
‘अजून देऊ?’ असं
‘नको’च उत्तर येईल अशा आवाजात विचारलं,
ते पाणी.
नळाची पहिली गुळणी पडताच
उष्ट्या पत्रावळीसारखं नकोसं होतं.

मीही ओतलं. बारा वर्षं ओतलं.
हात कधी आखडला नाही.

यंदा चैत्रात बिबड्यांचा घाटा हाटताना
मनगट मुरगळलं.
त्या नळाला निळा ड्रम कलंडेना.
ह्यांना उठवावं, तर रात्रपाळी करून नुकतेच पडलेले.
राहू दिलं तसंच, दुसरं सगळं भरून घेतलं.
सकाळी हे त्याच पाण्यानं आंघोळ करून,
कपाळाला अष्टगंध लावून,
भाकरी मागायला बसले.
काही बोलले नाहीत.

भाकरी शिळी झाली की बोटाला कळतं.
वरण शिळं झालं की झाकण काढायच्या आधी नाकाला कळतं.
पाणी शिळं झालेलं कोणाला कळतं?
मी ड्रमात तोंड घालून हुंगलं.
जिभेवर घेतलं.
तिथं फक्त माझा चेहरा होता, थोडा हलणारा.
आणि ताजं ताजं म्हणून जे आलं होतं,
ते तरी मागच्या आषाढापासून
धरणात बसूनच होतं ना?

एवढं कळलं म्हणून हात शहाणा होत नाही.
पुढच्या नळाला झोपेत दोन बादल्या ओतून मोकळी झाले.
तिसरीला थांबले,
तीही निम्मी गेल्यावर.
मग निळ्या ड्रमावर वीट ठेवायला लागले,
अंधारात हाताला आधी विटेनं अडवावं म्हणून.
आधी हे संपवायचं: फरशीला, भांड्यांना, पायांना,
मागच्या लिंबाच्या झाडाला, जे आजवर
फक्त आचमनावर जगत होतं.

सुपडाबाईनं समोरून पाहिलं.
‘येडी व्हयनी का वं? शिये पानी ठेवी ऱ्हायनी?’
‘पानी शिये थोडंच व्हस, काकू.’
मला वाटलं, पटलं असेल.
तिनं माझ्याकडे बघत बघत
घागर ओतली, शेवटच्या थेंबापर्यंत.

एक मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं.
गल्लीतलं तांबडं कुत्रं
दर नळाला माझ्याच दारच्या धारेवर पाणी प्यायचं.
धार बंद झाली, तसं ते येऊन
कोरड्या गटारीकडे आणि माझ्याकडे
आळीपाळीनं बघत राहिलं.
कान फुटलेल्या कुंडीत त्याला पाणी ठेवलं.
निळ्या ड्रमातलंच.
त्यानं हुंगलं,
आणि प्यालं.

परवा रात्री नळ आला.
वीट बाजूला न करता मी ओट्यावर बसले
आणि अंधारात आवाज मोजले.
पाटलांचा. शिंप्यांचा. वरच्या मास्तरांचा.
एक कमी भरला.
पुन्हा मोजले.
माझीच चूक असेल.
नाहीतर सुपडाबाई
लेकीकडे चोपड्याला गेली असेल.